माप सगळ्यांना सारखे हवे



नोकरीला लागून मला तीन-चार वर्षे झाली होती, तेव्हाची गोष्ट. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात दूध संकलन केंद्र होते. सकाळी सहाच्या सुमारास तिथे किटल्या आणि कॅन घेऊन रांग लागे. चाऱ्याच्या प्रात्यक्षिकाबद्दल चार माणसांशी बोलावे म्हणून एक दिवस मी लवकर गेलो आणि रांगेच्या कडेला उभा राहिलो. केंद्रावरचा माणूस काहींच्या दुधात डिग्रीची नळी सोडून पाहत होता, आणि काहींचे दूध न तपासताच मोठ्या कॅनमध्ये ओतून घेत होता.

रांगेत एक बाई होत्या. घरी दोन म्हशी, जमीन दीड एकर. त्यांचे दूध रोज तपासले जाई. मला ओळखत होत्या, म्हणून हळूच म्हणाल्या, "साहेब, माझं रोज तपासतात त्याचं मला काही वाटत नाही. पण त्या पुढच्या वाड्यावरचं एकदाही तपासत नाहीत. त्यांच्या पाण्याला दुधाचा भाव मिळतो. मग मीही तांब्याभर पाणी घातलं, तर माझंच काय चुकलं?"

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. बी.एस्सी.च्या पुस्तकात फॅट कशी काढावी ते होते, या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढे कितीतरी वर्षांनी धावण्याच्या शर्यतीतल्या उत्तेजक औषधांची प्रकरणे वाचू लागलो, आणि त्या बाईंचा प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. दूध आणि धावणे यांचा संबंध काय, असे वाटेल. पण प्रकरण ऐकले म्हणजे कळेल की दोन्हीकडे प्रश्न मापाचाच आहे.

बोस्टनची शर्यत

अमेरिकेतील बोस्टन शहरात दर वर्षी एप्रिल महिन्यात मॅरेथॉन शर्यत होते. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. तालुक्याच्या गावी पायी जाऊन पायीच परत यावे, एवढे अंतर. ते जगातले उत्तम धावपटू सव्वादोन तासांच्या आसपास पार करतात. २१ एप्रिल २०१४ रोजी या शर्यतीत केनियाच्या रीटा जेप्टूने २ तास १८ मिनिटे ५७ सेकंदांत पहिला नंबर काढला. तिच्यामागून एक मिनिट दोन सेकंदांनी बुझुनेश देबा ही इथिओपियात जन्मलेली, न्यूयॉर्कमध्ये राहणारी धावपटू आली. तिची वेळ होती २ तास १९ मिनिटे ५९ सेकंद.

पहिलीला बक्षीस दीड लाख डॉलर, दुसरीला पंचाहत्तर हजार. शिवाय त्या रस्त्यावरचा जुना विक्रम मोडणाऱ्या विजेतीला पंचवीस हजार डॉलर वेगळे. ऑलिव्हच्या पानांचा मुकुट, राष्ट्रगीत, छायाचित्रे, सारे जेप्टूच्या वाट्याला आले.

त्याच वर्षी २५ सप्टेंबरला केनियात सराव चालू असताना जेप्टूचा नमुना घेण्यात आला. त्यात ईपीओ नावाचे बंदी असलेले औषध सापडले. आधी दोन वर्षांची बंदी झाली. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये क्रीडा लवादाने ती चार वर्षांची केली आणि १७ एप्रिल २०१४ पासूनचे तिचे सारे निकाल रद्द ठरवले. म्हणजे बोस्टनची ती शर्यत देबाने जिंकली, असे अडीच वर्षांनी कागदावर आले.

पण कागदावर आलेले पीक घरात येत नाही. मुकुट गेला तो गेला. फरकाचे पैसेही देबाला मिळाले नाहीत, कारण जेप्टूकडून वसुली झाल्याशिवाय द्यायचे कुठून, असा संयोजकांचा मुद्दा होता. दहा वर्षे अशी गेली. २०२४ मध्ये तिची हकीकत वर्तमानपत्रात आली, तेव्हा एका परक्या गृहस्थाने ती वाचून स्वतःच्या खिशातून पंचाहत्तर हजार डॉलर तिला पाठवले. त्यानंतर संयोजकांनीही १९८६ पासून अशा रीतीने डावलल्या गेलेल्या धावपटूंना पैसे देण्याचे जाहीर केले. चांगलेच झाले. पण धावपटूचे कमाईचे वय जेमतेम दहा वर्षांचे. ते सरल्यावर आलेला पैसा म्हणजे पीक वाळून गेल्यावर सोडलेले पाटाचे पाणी.

हे औषध करते तरी काय?

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. फुप्फुसातला प्राणवायू उचलून स्नायूंपर्यंत पोचवणे हे त्यांचे काम. बाजारात माल नेणाऱ्या गाड्यांसारख्या त्या आहेत. गाड्या जास्त, तर माल जास्त पोचतो आणि माणूस दमल्याशिवाय लांब पळतो.

या पेशी किती तयार करायच्या याचा हुकूम मूत्रपिंड देते. त्यासाठी ते एक द्रव्य रक्तात सोडते, त्यालाच थोडक्यात ईपीओ म्हणतात. उंच डोंगरावर हवा विरळ असते, म्हणून तिथे शरीर हे द्रव्य अधिक तयार करते. केनियातले इतेन हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षा साडेसातशे मीटर उंच! त्या भागातली माणसे मक्याची शेती करतात, गाई पाळतात, जवळच्या नांदी भागात चहाचे मळे आहेत. तिथल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी जगातल्या लांब पल्ल्याच्या शर्यती गाजवल्या. त्यांच्या यशात डोंगराच्या हवेचा वाटा आहे, आणि कष्टाचाही आहे.

ज्यांची मूत्रपिंडे निकामी होतात त्यांना रक्त कमी पडते. अशा रोग्यांसाठी शास्त्रज्ञांनी ईपीओ कारखान्यात तयार केले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत ते औषध म्हणून मंजूर झाले. डायलिसिसवर असलेल्या माणसाला ते नवा जीव देते. पण धडधाकट माणसाने ते टोचून घेतले, की रक्त घट्ट होते. घट्ट रक्त म्हणजे गाळ भरलेली पाइपलाइन. हृदयावर ताण येतो, गुठळी होऊन माणूस दगावूही शकतो.

आपल्यातल्या काही गोठ्यांतही असा प्रकार चालतो. म्हशीने पान्हा लवकर सोडावा म्हणून चोरून इंजेक्शन टोचतात. औषध मुळात वाईट नाही, अडलेल्या जनावराला डॉक्टर ते देतातच. पण गरज नसलेल्या जनावराला रोज टोचले, तर तो गुन्हा आणि जनावराचे नुकसानही. ईपीओची गोष्ट याहून वेगळी नाही.

तपासणी कशी होते?

फार पूर्वी तपासणी नव्हतीच. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुईस येथे झालेल्या ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये थॉमस हिक्स या विजेत्याला वाटेत स्ट्रिकनीन हे विष अंड्याच्या पांढऱ्यात कालवून आणि वर ब्रँडी पाजून पळवण्यात आले. तेव्हा त्याविरुद्ध नियमही नव्हता. मैदानी खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९२८ मध्ये उत्तेजकांवर बंदी घातली. पण ईपीओ ओळखणारी चाचणी ऑलिंपिकमध्ये यायला २००० सालची सिडनीची स्पर्धा उजाडावी लागली.

आज मोठ्या धावपटूला आपण रोज कुठे असू ते आधी कळवून ठेवावे लागते, आणि दिवसातला एक तास असा द्यावा लागतो की त्या वेळी तपासनीस दारात येऊन उभा राहील. वर्षभरात तीनदा चुकामूक झाली, तर तेवढ्यावरूनही बंदी येते. बर्लिनला २०१३ मध्ये मॅरेथॉनचा जागतिक विक्रम करणारा केनियाचा विल्सन किपसांग याच कारणाने अडकला. २०२० मध्ये त्याला चार वर्षांची बंदी झाली. तपासणी चुकवली आणि खोटी माहिती दिली, असा ठपका होता.

नमुना घेताना लघवीच्या दोन बाटल्या भरतात आणि दोन्ही धावपटूसमोर सीलबंद करतात. एकीत दोष आढळला, तर धावपटूला दुसरी उघडण्याची मागणी करता येते. शिवाय २००९ पासून रक्ताच्या नोंदींचे खाते ठेवण्याची पद्धत आली. वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या रक्ताचे आकडे एका जागी लिहून ठेवायचे. दहा लिटर दूध देणारी म्हैस एका आठवड्यात अठरा लिटर देऊ लागली, तर नोंदवही पाहणारा विचारीलच ना, की हे कसे? तसेच हे.

माप कुठे चुकते?

इतकी व्यवस्था असताना लबाडी चालते कशी? याची मुख्य कारणे तीन.

पहिले कारण वेळेचे. द्राक्ष बागायतदारांना हे चटकन कळेल. फवारणी आणि तोडणी यांत ठरावीक दिवस गेले, की मण्यात औषधाचा अंश सापडत नाही. पण फवारणीचा परिणाम बागेवर झालेला असतोच. ईपीओ शरीरात थोडेच दिवस सापडते, त्याने वाढलेल्या तांबड्या पेशी मात्र कितीतरी आठवडे टिकतात. म्हणून शर्यतीच्या दिवशी कितीही बाटल्या भरल्या, तरी लबाड माणूस सुटू शकतो. खरी तपासणी हवी ती सरावाच्या महिन्यांत, आणि न कळवता. जेप्टू सापडली ती अशाच तपासणीत, शर्यतीच्या मैदानावर नव्हे.

दुसरे कारण देशादेशांतले. श्रीमंत देशांत तपासणीची संस्था जुनी, प्रयोगशाळा जवळ आणि पैसा हाताशी. केनियात उत्तेजकविरोधी कायदा झाला तो २०१६ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने केनियाची व्यवस्था नियमांत बसत नसल्याचे जाहीर केले होते. ऑगस्टमध्ये दुरुस्ती झाल्यावर तो शेरा काढला. रक्ताचा नमुना दुधासारखाच नासका. तो थंड ठेवून ठरावीक तासांत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो, आणि पूर्व आफ्रिकेत मान्यताप्राप्त रक्त-प्रयोगशाळा २०१८ पर्यंत नव्हतीच. त्या वर्षी नैरोबीत ती सुरू झाली. त्याआधी डोंगरातल्या गावात घेतलेले रक्त विमानाने परदेशी पाठवावे लागे. अशा स्थितीत तपासनीस वरचेवर कसा येणार? मग युरोपातल्या धावपटूच्या दारावर टकटक जास्त आणि इतेनच्या वाटेवर कमी, असे वर्षानुवर्षे चालले.

तिसरे कारण लहान-मोठ्याचे. ज्यांची नावे पहिल्या यादीत आहेत त्यांच्या मागे तपासनीस असतो. त्यांच्या खालच्या फळीत शेकडो धावपटू आहेत. ते लहान शहरांच्या रस्त्यावरच्या शर्यती पळतात, मिळेल त्या बक्षिसावर घर चालवतात. त्या संयोजकांकडे तपासणीला पैसा नसतो. तिथे पाणी घातलेले दूध सरळ कॅनमध्ये जाते.

यात बदलही झाला आहे, तो सांगितला पाहिजे. २०१७ मध्ये मैदानी खेळांसाठी स्वतंत्र तपास-संस्था निघाली. ज्या देशांत धोका जास्त त्यांच्या खेळाडूंना जागतिक स्पर्धेपूर्वीच्या दहा महिन्यांत निदान तीन अचानक तपासण्या झाल्याशिवाय उतरू देत नाहीत. केनियाच्या सरकारनेही २०२२ च्या अखेरीस पाच वर्षे दर वर्षी पन्नास लाख डॉलर देण्याचे कबूल केले. परिणाम असा झाला की आज बंदीच्या यादीत शंभराहून अधिक केनियन आहेत. यावरून केनियाची माणसेच लबाड, असा अर्थ कुणी काढू नये. जिथे शोधले तिथे सापडले. जिथे अजून नीट शोधलेच नाही तिथले काय, हा प्रश्न शिल्लकच आहे.

रिओ आणि आपली ललिता

या गोष्टीची एक कड आपल्या सातारा जिल्ह्यापर्यंत येते. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर. दुष्काळी भागातली, शेतकरी घरातली मुलगी. १५ ऑगस्ट २०१६ रोजी रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत उभी राहिली आणि दहावी आली. त्याआधी प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारताची धावपटू ट्रॅकवरच्या अंतिम शर्यतीत पोचली होती.

त्या शर्यतीत सुवर्णपदक मिळाले रूथ जेबेतला. ती केनियात जन्मलेली, बहारीनकडून पळणारी. डिसेंबर २०१७ मध्ये घेतलेल्या नमुन्यात ईपीओ सापडून तिला चार वर्षांची बंदी झाली. त्याच रिओत आदल्या दिवशी महिलांची मॅरेथॉन झाली होती. ती जिंकणारी केनियाची जेमिमा सुमगाँग हीसुद्धा फेब्रुवारी २०१७ च्या नमुन्यात ईपीओसह सापडली.

दोघींचे दोषी नमुने रिओनंतरचे आहेत. रिओत त्यांनी औषध घेतले होते असे सिद्ध झालेले नाही, आणि म्हणून त्यांची पदके त्यांच्याकडेच आहेत. पुराव्याशिवाय कुणाचे पदक काढू नये, हे न्यायाचेच आहे. पण शंकेचे बीज एकदा रानात पडले, की ते हरळीसारखे पसरते. उद्या एखादी मुलगी खरोखर कष्टाने पहिली आली, तरी लोक म्हणतील, "हिनेही काही घेतलेच असेल." प्रामाणिक माणसाचे हे दुसरे नुकसान. आधी बक्षीस जाते, मग नावही जाते.

अगदी अलीकडचे पाहा. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी शिकागोत केनियाची रूथ चेपनगेटिच २ तास ९ मिनिटे ५६ सेकंदांत मॅरेथॉन पळाली. दोन तास दहा मिनिटांच्या आत पळणारी जगातली पहिली स्त्री. मार्च २०२५ मध्ये तिच्या लघवीत हायड्रोक्लोरोथायाझाइड सापडले. हे औषध आपल्याकडे रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत असते. त्याने लघवी जास्त होते आणि दुसरी औषधे झाकली जाऊ शकतात, म्हणून खेळाडूंना त्याची बंदी आहे. नोंदवण्याची मर्यादा २०, आणि तिच्या नमुन्यात आकडा निघाला सुमारे ३८००. आधी ती म्हणाली, कसे आले ठाऊक नाही. नंतर म्हणाली, आजारी असताना घरकामाच्या बाईची गोळी घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तीन वर्षांची बंदी झाली. शिकागोचा विक्रम मात्र त्या नमुन्याच्या आधीचा, म्हणून कायम राहिला.

पैसेवाल्याची वेगळी रांग

दूध केंद्रावर जसा एक वाडा होता, तसा या खेळातही होता. रशियाची लिलिया शोबुखोवा हिने २००९, २०१० आणि २०११ अशी सलग तीन वर्षे शिकागोची आणि २०१० मध्ये लंडनची मॅरेथॉन जिंकली. तिच्या रक्ताच्या खात्यातले आकडे जुळत नव्हते. तरी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ती उतरली. पुढे उघडकीस आले की प्रकरण दाबण्यासाठी तिच्याकडून सुमारे साडेचार लाख युरो घेण्यात आले होते.

हा पैसा ज्या व्यवहारात फिरला, त्याचा माग थेट आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षांपर्यंत गेला. सेनेगलचे लामिन डियाक १९९९ ते २०१५ त्या खुर्चीवर होते. सप्टेंबर २०२० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यांना भ्रष्टाचाराबद्दल दोषी ठरवून चार वर्षांची शिक्षा दिली, त्यांतली दोन वर्षे स्थगित. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. रशियाच्या मैदानी संघटनेवर नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेली बंदी मार्च २०२३ मध्ये उठली.

म्हणजे ज्याच्या हातात डिग्रीची नळी, तोच भाव ठरवून नळी बाजूला ठेवत होता. अशा वेळी रांगेतल्या गरिबाने विश्वास कुणावर ठेवायचा?

पकडले जाते कोण?

जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ मध्ये केनियाबद्दल एक अहवाल काढला. तिथे रशियासारखा सरकारी कट नाही, जो तो आपापल्या परीने आणि अज्ञानातून औषधे घेतो, असा त्याचा निष्कर्ष होता. खेळाडूंना पुरेशी माहिती नसते आणि औषध देणारी माणसे डॉक्टरकीच्या आसपासची असतात, हेही त्यात आले.

हे वाचताना मला कीटकनाशकांचे दुकान आठवते. कुठल्या किडीला काय, हे शेतकऱ्याला माहीत नसते. तो काउंटरवर विचारतो, "काही जालीम द्या." दुकानदार देतो. रान जळाले तर शेतकऱ्याचे, दुकानदाराचा नफा आधीच पेटीत. इतेनचा तरुण गुडघा दुखतो म्हणून किंवा पुढची शर्यत निघाली पाहिजे म्हणून असेच इंजेक्शन घेतो. एक मोठी शर्यत जिंकली तर जमीन घेता येते, गाई घेता येतात, भावंडांची शाळा होते. मोह मोठा असतो. सापडला की चार वर्षे घरी बसतो. टोचणारा मात्र बहुधा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो.

यावरून खेळाडूला दोष नाही असे मी म्हणत नाही. नियम स्पष्ट आहे, की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी ज्याचे शरीर त्याची. पण शिक्षेचे मापही विकणाऱ्यापर्यंत पोचले पाहिजे.

आता आपल्या दाराशी

केनियाला नावे ठेवण्याआधी आपला आकडा पाहू. २०२४ मध्ये भारतातल्या सर्व खेळांत मिळून ७,११३ नमुने तपासले गेले आणि २६० दोषी निघाले. दर शंभरात साडेतीनहून अधिक. भरपूर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते, आणि खेळांमध्ये मैदानी खेळ पुढे होते. दिल्लीतली आपली राष्ट्रीय प्रयोगशाळा स्वतःच ऑगस्ट २०१९ ते डिसेंबर २०२१ निलंबित होती. त्या काळात नमुने परदेशी पाठवावे लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीत राज्य स्पर्धा चालू असताना तपासनीस आल्याची बातमी पसरली, तेव्हा पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकटाच खेळाडू पळाला, बाकीचे नाहीसे झाले. अडथळ्यांच्या शर्यतीतली एक लहान मुलगी तर अंतिम रेषा ओलांडूनही पळतच राहिली आणि अधिकारी तिच्यामागे, असे वर्तमानपत्रांनी छापले. वाचून हसू येते, आणि मग लाज वाटते. त्या मुलीला ते कुणी दिले?

आपल्या गावागावांतली मुले-मुली पहाटे डांबरी रस्त्यावर पळताना मी रोज पाहतो. कुणाला पोलीस भरतीचे सोळाशे किंवा आठशे मीटर काढायचे आहेत, कुणाला सैन्यात जायचे आहे. एका ओळखीच्या शेतकऱ्याचा मुलगा असाच पळत होता. भरती महिन्यावर आली तेव्हा व्यायामशाळेतल्या कुणीतरी त्याला बिननावाची पावडर आणि दोन इंजेक्शने दिली. "सगळेच घेतात, तू एकटा मागे राहशील," असे सांगितले. त्याची आई घाबरून माझ्याकडे आली. मी काही डॉक्टर नाही. मी त्या दोघांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. डॉक्टरांनी ती इंजेक्शने कचऱ्यात टाकायला लावली. मुलगा त्या वर्षी थोडक्यात राहिला, पुढच्या वर्षी लागला. त्याच्याआधी लागलेल्यांतल्या कुणी काय घेतले होते ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. पण "सगळेच घेतात" हे वाक्य मी ओळखले. दूध केंद्रावरच्या बाईंच्या तोंडी तेच होते.

म्हणून पालकांना चार गोष्टी सांगतो.

१. बिननावाची, लेबल नसलेली पावडर, गोळी किंवा इंजेक्शन घरात येऊ देऊ नका. बी-बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग आणि पावती पाहतो, तेवढी तरी काळजी मुलांसाठी घ्या.

२. मुलगा किंवा मुलगी स्पर्धेत पळत असेल, तर डॉक्टरांना ते पहिल्यांदा सांगा. दुखण्याच्या, दम्याच्या, रक्तदाबाच्या काही साध्या औषधांवरही बंदी असते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, जिला नाडा म्हणतात, तिचे 'नो युवर मेडिसिन' नावाचे मोबाइल ॲप आहे. त्यात औषधाचे नाव घालून पाहता येते. आजारासाठी बंदी असलेले औषध घेणे भागच असेल, तर रीतसर परवानगी मागण्याची सोय आहे.

३. घरातल्या दुसऱ्या कुणाची गोळी खेळाडूला देऊ नका. आजीची बीपीची गोळी नातवाची चार वर्षे खाऊ शकते.

४. आपल्या तालुक्यात शर्यत भरवणारी मंडळी रोख बक्षिसे वाढवत असतील, तर मोठ्या शर्यतींत तपासणीसाठीही थोडे पैसे राखून ठेवा, असा आग्रह धरा.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर

त्या दूध केंद्राचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. वर्षभराने वार्षिक सभा होती. त्या बाई उभ्या राहिल्या आणि चारचौघांत एवढेच म्हणाल्या, "सगळ्यांचं तपासा, नाहीतर कुणाचंच तपासू नका." थोडी गडबड झाली. वाड्यावरचे लोक रागावले. पण ठराव झाला, की प्रत्येक किटलीचा नमुना रांगेसमोर घ्यायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा. पहिल्या आठवड्यात काहींची दुधाची मापे कमी भरली. महिन्याभरात पाणी थांबले. आणि बाईंना पहिल्यांदाच त्यांच्या दुधाचा खरा भाव मिळाला.

त्या दिवशी जे उत्तर मला देता आले नव्हते, ते असे होते. बाई, तुमचे तांब्याभर पाणी चुकीचेच ठरले असते. पण तुम्हाला तो तांब्या उचलावासा वाटला, यात अर्धी चूक त्या मापाची होती.

इतेनच्या डोंगरात, मोहीच्या माळावर आणि आपल्या डांबरी रस्त्यावर पहाटे पळणाऱ्या मुलांना हाच न्याय हवा आहे. कष्ट ती करतील. आपण त्यांच्यासाठी माप तेवढे सारखे ठेवू.